कर्नलच्या नोंदींना कुलूप : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एक सामायिक सर्व्हर आहे. त्यावर साधारण ४० विद्यार्थी आणि संशोधक आपापले जॉब (लांबलचक चालणारे प्रोग्राम) लावतात आणि तो सांभाळण्याचे काम माझ्याकडे आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी तो उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या २०.०४ या आवृत्तीवरून २२.०४ वर नेला. सुट्टी संपताच तक्रारी आल्या, की कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, नोंदी दाखवणारी डीमेसेज ही आज्ञा दिल्यावर नोंदी दिसण्याऐवजी ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ एवढेच उत्तर येते. बिघडले काहीच नव्हते. कर्नलच्या ‘डीमेसेज रिस्ट्रिक्ट’ या सेटिंगचे मूल्य ० चे १ झाले होते आणि त्यामुळे कर्नलच्या नोंदी वाचण्याचा अधिकार सामान्य वापरकर्त्याकडे उरला नव्हता. हे सेटिंग लिनक्समध्ये २.६.३७ या आवृत्तीपासून, म्हणजे २०११ च्या आरंभापासून आहे. उबुंटूने मात्र ते ऑक्टोबर २०२० च्या २०.१० पासून मुळातच चालू ठेवले, त्यामुळे २०.०४ वरून थेट २२.०४ वर येणाऱ्याची त्याच्याशी गाठ अचानक पडते.

मूल्य पुन्हा ० करणे एका ओळीचे काम होते आणि बहुतेकांची मागणीही तीच होती. तरीही निर्णय घेण्याआधी एका संध्याकाळी बसून मी त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी वाचून काढल्या. फायरवॉलने अडवलेल्या प्रत्येक जोडणीची ओळ तिथे होती, दोन्ही बाजूंच्या आयपी पत्त्यांसह. एका विद्यार्थिनीचा प्रोग्राम दुपारभर पुन्हा पुन्हा कोसळत होता; त्याच्या प्रत्येक सेगफॉल्टच्या (मेमरीच्या चुकीच्या वापरामुळे कोसळण्याच्या) ओळीत प्रोग्रामचे नाव, कोसळण्याच्या क्षणीचा सूचनेचा पत्ता आणि स्टॅकचा पत्ता जसेच्या तसे छापलेले होते. कर्नल ४.१५ पासून कर्नलचे स्वतःचे मेमरीतले पत्ते सहसा झाकून छापतो, म्हणून आता या बंदीची गरज नाही असे अनेक जण म्हणतात. पण वापरकर्त्यांच्या प्रोग्रामचे पत्ते तसे झाकले जात नाहीत, आणि सामायिक यंत्रावर ते शेजारच्याने का वाचावेत याचे उत्तर मला सापडले नाही. मूल्य १ च राहू दिले.

पंधरा दिवसांनी एका विद्यार्थ्याने मदत मागणाऱ्या ईमेलमध्ये कर्नलच्याच वीस ओळी चिकटवून पाठवल्या, तेव्हा माझ्या लक्षात आले की मी पुढचे दार लावले आहे आणि मागचे उघडे आहे. हे सेटिंग कर्नलमधील बफरचे (नोंदींच्या तात्पुरत्या साठ्याचे) रक्षण करते. म्हणजे डीमेसेज ज्या मार्गांनी वाचते ते सिस्टिम कॉल (प्रोग्रामने कर्नलला केलेली विनंती) आणि केएमएसजी ही उपकरण-फाइल. (त्या फाइलच्या परवानग्या पाहिल्या तर ती सर्वांना वाचता येईल असेच दिसते, नकार कर्नल आतून देतो. नवख्या माणसाचा इथे हमखास गोंधळ उडतो.) त्याच नोंदींची दुसरी प्रत सिस्टिमडी या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या जर्नलमध्ये आणि तिसरी कर्न डॉट लॉग या फाइलमध्ये जाते, आणि या दोन्ही प्रती एडीएम या, नोंदी वाचू शकणाऱ्या वापरकर्त्यांच्या गटातील कोणालाही वाचता येतात. आमच्या एडीएम गटात ११ नावे निघाली. पूर्वी कधीतरी कोणाची तरी अडचण सोडवताना ती घातली गेली होती. त्या गटाला लॉगिनच्या नोंदींची फाइलही वाचता येते, हे तर त्याहून गंभीर.

मी ९ नावे काढली. तरी दोघांना जर्नल दिसतच होते, कारण त्यांची टीमक्सची (लॉगआउटनंतरही चालू राहणाऱ्या टर्मिनलची) सत्रे तीन आठवड्यांपासून चालू होती आणि चालू सत्राला जुने गट चिकटून राहतात. ती सत्रे बंद झाल्यावरच बंदी खऱ्या अर्थाने लागू झाली.

आता विद्यार्थ्यांची बाजू. रात्री लावलेला जॉब सकाळी मेलेला आढळतो आणि पडद्यावर ‘किल्ड’ एवढा एकच शब्द असतो. मेमरी संपल्यामुळे कर्नलने तो मारला की आणखी काही झाले, याचे उत्तर नेमके त्याच नोंदींमध्ये असते, ज्या मी बंद केल्या होत्या. ही त्यांची गरज रास्त आहे आणि ती भागवल्याशिवाय बंदी टिकणार नाही, हे मला पहिल्याच महिन्यात पटले.

पहिला उपाय म्हणून मी सेटकॅप ही आज्ञा वापरून डीमेसेजच्या फाइललाच सिसलॉगची क्षमता, म्हणजे कर्नलच्या नोंदी हाताळण्याचा विशेषाधिकार, दिली. तो साफ चुकला. मुळात त्यामुळे बंदी सगळ्यांसाठीच उठते. शिवाय त्याच क्षमतेने नोंदी पुसण्याचाही अधिकार मिळतो, आणि एकाने सवयीने ‘वाचा आणि पुसा’ हा पर्याय वापरल्यावर बाकीच्यांना डीमेसेज रिकामे दिसू लागले. पुढे डीमेसेज ज्यात येते ते युटिल-लिनक्स पॅकेज अद्ययावत झाले, नवी फाइल आली आणि दिलेली क्षमताही गेली.

दुसरा उपाय सुडोचा, म्हणजे रूटच्या (मुख्य प्रशासकाच्या) हक्काने आज्ञा चालवू देण्याचा होता आणि त्यात जास्त मोठा धोका आहे. सुडोअर्स या सुडोच्या नियमांच्या फाइलमध्ये नुसते डीमेसेजचे नाव लिहिले तर ते कोणत्याही पर्यायासह चालवता येते. कॅपिटल एच दिला की नोंदी लेस या वाचकात उघडतात आणि त्यातून रूटचे शेल (कोणतीही आज्ञा देण्याची जागा) मिळू शकते. कॅपिटल एफ दिला तर कोणतीही फाइल वाचता येते, पासवर्डची शॅडो फाइलसुद्धा. म्हणून सुडोचा मार्ग घ्यायचाच असेल तर पर्यायांसह पूर्ण आज्ञा अक्षरशः लिहून द्यावी. मी तशी दोन सहायकांना दिली आहे आणि तिथे ती व्यवस्थित चालते.

विद्यार्थ्यांसाठी शेवटी टिकला तो तिसरा उपाय. मेमरी संपल्यावर कर्नल जी ओळ लिहितो तीत मारलेल्या प्रक्रियेचे नाव, तिने व्यापलेली मेमरी आणि मालकाचा यूआयडी (वापरकर्ता-क्रमांक) असतो. रूटच्या हक्काने चालणारी एक छोटी स्क्रिप्ट जर्नलमधून अशा ओळी निवडते आणि यूआयडी पाहून ज्याची त्याच्या फाइलमध्ये टाकते. ती फाइल त्या वापरकर्त्याला फक्त वाचता येते आणि तिची निर्देशिका रूटच्या मालकीची आहे. डिसेंबरपासून ‘माझा जॉब का मेला’ असे विचारणारे ईमेल जवळजवळ थांबले आहेत.

एकाच वापरकर्त्याच्या लॅपटॉपवर ही बंदी ठेवली काय आणि काढली काय, फारसा फरक पडत नाही, कारण सुडो त्याच्याच हाती असते. सामायिक सर्व्हरवर मात्र मी ती आता काढणार नाही. माझी एकच तक्रार आहे, की ० आणि १ यांच्यामध्ये कर्नल काहीच देत नाही. सगळ्या नोंदी सगळ्यांना, नाहीतर विशेषाधिकार नसलेल्या कोणालाच नाहीत. वापरकर्त्याला त्याच्यापुरत्या ओळी देण्याचे काम आपणच करावे लागते, आणि प्रत्येक ओळीत यूआयडी नसतो. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाच्या एक्सआयडी त्रुटींमध्ये तो नसतो. प्रक्रियेवरून मालक शोधावा, तर स्क्रिप्ट तिथवर पोहोचेपर्यंत तीही बहुधा संपलेली असते. त्या ओळी मी अजूनही रोज सकाळी स्वतः पाहते आणि ज्याचा जॉब रात्री त्या कार्डावर होता त्याला ईमेलने कळवते.