दहा रुपयांत सरकारी फाइल : माहिती अधिकाराची सेवा कुठे चालते, कुठे अडते

सरकारने पैसा कुठे आणि कोणाच्या सहीने खर्च केला हे कागदावर पाहण्याची महाराष्ट्रातली सर्वांत स्वस्त सोय म्हणजे माहितीचा अधिकार. अर्जाला १० रुपये, झेरॉक्सला पानामागे २ रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला अर्जाचे शुल्क माफ. एवढ्यात कंत्राटदाराचे बिल, त्यामागची अभियंत्याची मोजमापे आणि नस्तीवरच्या (म्हणजे कार्यालयीन फाइलवरच्या) टिपण्या हाती येऊ शकतात. ‘शकतात’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे, कारण कायदा २००५ पासून असला तरी त्याचा अनुभव अर्ज कसा लिहिला यावर बराच अवलंबून असतो.

राज्याच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत असावा लागतो. केंद्राच्या कार्यालयांना ही मर्यादा ५०० शब्दांची आहे. १५० शब्द कमी वाटतात, पण कागदाचे नाव माहीत असेल तर पुरतात. ‘आमच्या भागातला रस्ता वर्षात का उखडला?’ हा प्रश्न फुकट जातो. कार्यालयाने कारणमीमांसा तयार करून द्यावी असे कायदा सांगत नाही. अभिलेखात, म्हणजे कार्यालयाच्या कागदपत्रांत, असेल तेवढेच द्यायचे असते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीबीएसईच्या उत्तरपत्रिकांच्या खटल्यात स्पष्ट केले. त्याऐवजी रस्त्याचे नाव आणि आर्थिक वर्ष टाकून अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, अंतिम देयक आणि करारनाम्यातली दोषदायित्वाची अट (काम बिघडल्यास कंत्राटदाराची जबाबदारी) यांच्या साक्षांकित प्रती मागाव्यात. रस्ता का उखडला याचे उत्तर या पाच कागदांत बहुधा असतेच. माहिती कशाला हवी हे सांगायची गरज नाही आणि कोणी विचारूही नये. कलम ६(२) तसे म्हणते.

अर्ज नमुना ‘अ’ मध्ये लिहून १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्यायचा. ही पोच नसेल तर पुढची सगळी मुदत हवेत राहते. राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी क्रमांक लगेच मिळतो, म्हणून संबंधित कार्यालय यादीत असेल तर तोच मार्ग बरा. फक्त केंद्राच्या पोर्टलवर राज्याच्या कार्यालयाचा अर्ज भरू नका: तो परत येतो आणि शुल्क परत मिळत नाही. कागदी अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर मात्र अर्जदाराचे नुकसान नाही. कलम ६(३) प्रमाणे त्या कार्यालयानेच तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. ‘हा विषय आमच्याकडे येत नाही’ एवढे लिहून मोकळे होता येत नाही.

उत्तराची मुदत ३० दिवस. जीविताचा किंवा व्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. प्रतींचे पैसे भरा असे पत्र आले की ते पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस या ३० मध्ये धरत नाहीत, म्हणून भरणा लगेच करावा. मुदत उलटून गेल्यावर पैसे मागितले तर कलम ७(६) दाखवावे. उशिरा दिलेली माहिती विनामूल्य द्यावी लागते, आणि हे कलम अनेक अर्जदारांना माहीतच नसते.

नकाराची पत्रे ठरावीक साच्यातली असतात. ‘माहिती व्यापक स्वरूपाची आहे’ हा नकार कलम ७(९) च्या नावाने येतो, पण त्या कलमात नकाराची मुभाच नाही. मागितलेल्या स्वरूपात देणे कार्यालयाला फार जड जात असेल तर दुसऱ्या स्वरूपात द्या, इतकाच त्याचा अर्थ. अशा वेळी फाइल पाहू द्या म्हणावे. ‘अभिलेख आढळून येत नाही’ हे उत्तर जास्त गंभीर आहे. राज्यात २००५ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे आणि कागद परस्पर नष्ट करणे हा त्याखाली गुन्हा आहे. म्हणून पुढच्या अर्जात ती नस्ती किती काळ जपायच्या वर्गात (अ, ब, क, ड) होती, नष्ट केली असल्यास त्याचा आदेश आणि नोंदवहीतली नोंद मागावी. गहाळ म्हणून सांगितलेली फाइल या एका प्रश्नानंतर सापडल्याची उदाहरणे नवीन नाहीत.

तिसरा नकार ‘वैयक्तिक माहिती’चा, आणि तो आता बळकट झाला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातल्या, वैयक्तिक माहिती नाकारू देणाऱ्या कलम ८(१)(ञ) मधले सार्वजनिक हिताचे शब्द काढून टाकले. ही सत्तेच्या बाजूने झुकलेली दुरुस्ती आहे आणि नागरिकांचे यात खरे नुकसान आहे. तरी कलम ८(२) जागेवर आहे, त्यामुळे सार्वजनिक हित अधिक मोठे असल्याचे अर्जातच दोन ओळींत मांडावे. नावे देता येत नसतील तर ती झाकून बाकीचे द्या, असे कलम १० च्या आधारे मागता येते.

या सगळ्यापेक्षा उपयोगी सोय मात्र फार थोडे लोक वापरतात. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहता येतात. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. पुणे महापालिकेत ही पद्धत त्याआधी काही वर्षे चालू होती. सोमवारच्या या पाहणीत अर्जात आधी नेमके कागद ओळखायची अट नाही, समोर नस्ती असते आणि पाने उलटता उलटता काय मागायचे ते कळते. जाताना निर्णयाची प्रत सोबत ठेवा, कारण टेबलावर बसलेल्याला तो ठाऊक असेलच असे नाही. आधी मोजमाप पुस्तिका मागा, मग देयक, मग टिपणीची पाने. हव्या त्या पानांचे क्रमांक टिपून घ्या आणि तेवढ्याच प्रतींचा अर्ज तिथल्या तिथे द्या. शंभर पानांचे काम अनेकदा सात-आठ पानांवर येते.

उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर ३० दिवसांत पहिले अपील, राज्यात २० रुपयांच्या स्टॅम्पसह, नमुना ‘ब’ मध्ये. ते त्याच कार्यालयातला वरिष्ठ ऐकतो आणि ३०, फार तर ४५ दिवसांत निकाल द्यायचा असतो. इथे दर्जा एकदम घसरतो. ‘माहिती देण्यात यावी’ असा मोघम आदेश निघतो, तारीख नसते आणि तो पाळला गेला नाही तरी दंड ठोठावण्याचा अधिकार अपिलीय अधिकाऱ्याला नाही. सुनावणीतच ‘किती दिवसांत आणि विनामूल्य’ हे आदेशात लिहून घेण्याचा आग्रह धरावा.

दुसरे अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे, पुन्हा २० रुपये. दिवसाला २५० आणि जास्तीत जास्त २५,००० रुपयांचा दंड फक्त आयोगच करू शकतो. म्हणजे या सेवेचा खरा दात इथे आहे, आणि नेमकी इथेच तारीख लागायला वर्ष उलटते. आयुक्तांच्या जागा रिकाम्या राहिल्या की थकलेली अपिले आणखी वाढतात. ज्या कागदावर निवडणुकीआधी प्रश्न विचारायचा असतो तो निवडणूक होऊन गेल्यावर मिळतो. कायद्याचे सगळे बळ या एका ठिकाणी आटते.

आयोगाकडे जाताना एक चूक टाळा. कलम १८ ची तक्रार करून माहिती मिळत नाही. त्यात दंड होऊ शकतो, पण माहिती द्या असा आदेश मिळवायला कलम १९ चे अपीलच हवे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या मणिपूरच्या प्रकरणात सांगितले आहे. अपिलासोबत मूळ अर्ज, पोच, आलेले उत्तर, पहिले अपील आणि त्यावरचा आदेश तारखेच्या क्रमाने लावा, आणि मागणीत माहिती व दंड या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहा.