तीन वयांची भावंडे आणि एकच विषय : ‘आस-पास’ पुस्तकमालेचे परीक्षण

घरी शिकणाऱ्या मुलांसाठी अभ्यासक्रम निवडताना बहुतेक पालक इयत्तेपासून सुरुवात करतात, आणि घरात एकच मूल असेल तर त्यात फारसे बिघडतही नाही. पण पाच, सात आणि नऊ वर्षांची भावंडे एकाच टेबलाभोवती बसणार असतील, तर तीन इयत्तांचे तीन संच घेणे म्हणजे तीन वेगळे विषय आणि तीन वेगळी वेळापत्रके, आणि शिकवणारी व्यक्ती मात्र एकच. मग धाकट्याला गुंतवून ठेवण्यातच सकाळ निघून जाते आणि मोठ्या मुलाच्या वाट्याला स्वाध्यायपुस्तिका तेवढी येते. म्हणून आमच्या घरासारख्या घरांसाठी कोणतेही पुस्तक पारखताना मी एकच गोष्ट आधी पाहते, ती म्हणजे एका विषयावर तिघांनाही आपापल्या वयाप्रमाणे खरे काम करता येते की नाही. एनसीईआरटीची तिसरी ते पाचवीची परिसर अभ्यासाची पुस्तके, हिंदीत ‘आस-पास’ आणि इंग्रजीत ‘लुकिंग अराउंड’, या कसोटीवर मला आजवर पाहिलेल्या सर्व साहित्यात उजवी वाटतात. ती शाळांसाठी लिहिलेली असली तरी घराला फार चांगली मानवतात.

याचे कारण त्यांच्या रचनेत आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानुसार ही पुस्तके तयार झाली, आणि तिन्ही इयत्तांसाठी सहाच सूत्रे ठरवली गेली : कुटुंब आणि मित्र, अन्न, निवारा, पाणी, प्रवास, आणि आपण करतो-बनवतो त्या गोष्टी. तिसरीत पाणी हा विषय एकदा येऊन संपत नाही. चौथीत तो नदीच्या रूपाने येतो, पाचवीत तलाव, विहिरी आणि प्रयोग यांच्या रूपाने. इयत्तेप्रमाणे विषय न बदलता त्याची खोली बदलते, आणि वेगवेगळ्या वयांच्या भावंडांना नेमके हेच हवे असते. पुस्तके इयत्तेच्या क्रमाने संपवण्याऐवजी तिन्ही पुस्तके एकदम उघडून एका सूत्राचे सगळे धडे एकत्र काढले, की घराचा महिनाभराचा अभ्यास आपोआप उभा राहतो.

पाण्याचेच उदाहरण सविस्तर घेण्यासारखे आहे. तिसरीच्या पुस्तकात राजस्थानातल्या माधोच्या कुटुंबाची गोष्ट आहे, जिथे पावसाचा थेंब न् थेंब साठवावा लागतो. पाचवीच्या पुस्तकात जैसलमेरच्या घडसीसर तलावाची हकिकत आहे, आणि एका तलावाचे ओसंडलेले पाणी पुढच्या तलावात कसे जाई, याचे वर्णन आहे. लगेच पुढच्या धड्यात पाण्याचे प्रयोग आहेत : काय तरंगते, काय बुडते, तेलात सोडलेली पुरी वर का येते, पाण्यात मीठ घालत गेल्यावर काय बदलते, आणि मिठाच्या निमित्ताने तो धडा दांडीयात्रेपर्यंत पोहोचतो. पाच वर्षांच्या मुलासाठी परातीतले पाणी, झाकणे, खिळे, लिंबू आणि चमचे एवढ्यावर एक अख्खी सकाळ जाते. सात वर्षांचे मूल आधी अंदाज सांगते, मग करून पाहते आणि दोन रकाने आखून नोंद करते. नऊ वर्षांची मुलगी घडसीसरचा धडा स्वतः वाचते आणि कात्रजच्या तलावातून पेशव्यांच्या काळी पुण्यात हौदांपर्यंत नळाने आणलेल्या पाण्याशी त्याची तुलना करते. हा शेवटचा दुवा पुस्तकात नाही, तो घरच्या माणसांनी जोडायचा आहे. पण पुस्तक अशा दुव्यांसाठी जागा ठेवते आणि ‘तुमच्या भागात हे कसे होते, मोठ्यांना विचारा’ असे वारंवार सांगते. शाळेत अशा प्रश्नांना अनेकदा वेळ पुरत नाही. घरी आजी-आजोबा, शेजारी आणि भाजीवाल्या मावशी हाताशी असतात, त्यामुळे हेच प्रश्न या पुस्तकांचे सर्वांत मोठे बळ ठरतात.

दिल्लीत तयार झालेली पुस्तके महाराष्ट्रातल्या मुलांना परकी वाटतील अशी शंका अनेक पालक बोलून दाखवतात, परंतु प्रत्यक्षात तसे नाही. पाचवीतला धनूच्या कुटुंबाचा धडा ऊसतोडीसाठी होणाऱ्या स्थलांतराचा आहे. दसरा झाला की गाव सोडायचे, मुकादमाकडून उचल घ्यायची, फडाशेजारी खोपटे घालून काही महिने राहायचे आणि त्या काळात मुलाची शाळा सुटायची, हे सारे त्यात मुलाच्या नजरेतून येते. बीडकडच्या माणसांना हे नवे नाही, पण शहरात वाढणाऱ्या आणि घरी शिकणाऱ्या मुलाला, ज्याच्या शिक्षणाची सगळी सोय त्याच्या घरात आहे, हा धडा वाचायला मिळणे मला अत्यंत मोलाचे वाटते. त्याच पुस्तकात मुंबईच्या नागपाड्यात बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींची हकिकत आहे. चौथीच्या पुस्तकात मुंबईत आलेली नंदिता आहे, हुतूतूचा खेळ आहे, आणि रेल्वेने गुजरातहून केरळला निघालेल्या ओमनाची रोजनिशी आहे, तिच्या वाटेवर मडगाव लागते. ओमनाचा धडा तिन्ही वयांना सारखाच भावतो, कारण त्यात तिकीट आहे, वेळापत्रक आहे आणि खिडकीतून दिसणारे बोगदे आहेत. धाकटा गाडी काढतो, मधला स्थानके क्रमाने लावतो आणि मोठी दोन स्थानकांमधला वेळ मोजते.

काही धडे मात्र पालकाने आधी स्वतः वाचल्याशिवाय उघडू नयेत. पाचवीत सफाईचे काम करणाऱ्या माणसांवरचा धडा आहे. त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लहानपणीचा प्रसंग येतो, जिथे म्हशीचे केस कापणारा न्हावी भीमरावाचे केस कापायला नकार देतो. नऊ-दहा वर्षांच्या मुलाने हा प्रसंग वाचलाच पाहिजे आणि त्यावर घरात मोकळे बोलणे झाले पाहिजे, अशी माझी ठाम धारणा आहे. पाच वर्षांच्या मुलापुढे मात्र तोच धडा ‘आपला कचरा कोण उचलते, त्यांना आपण कसे हाक मारतो, त्यांना पाणी विचारतो का’ इथून सुरू करावा. विषय एक असला तरी प्रत्येकाला तो त्याला झेपेल तेवढाच द्यायचा, ही शिस्त या पद्धतीत फार महत्त्वाची आहे. अशा धड्यानंतर धाकट्याला खेळायला सोडून मोठ्या मुलाबरोबर पंधरा मिनिटे वेगळे बसणे चांगले.

पुस्तकांच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. ही पुस्तके हिंदी, इंग्रजी आणि उर्दूत आहेत, त्यामुळे मराठी घरात मोठ्याने वाचणाऱ्याला वाचता वाचताच मराठीत सांगावे लागते. हे जमते, पण थकवते, आणि त्यासाठी आदल्या रात्री धडा डोळ्यांखालून घालावाच लागतो. पहिली आणि दुसरीसाठी या मालेत पुस्तकच नाही, कारण त्या आराखड्यात परिसराचा अभ्यास भाषा आणि गणितातच मिसळलेला होता. म्हणजे पाच-सहा वर्षांच्या मुलाने काय करायचे हे पालकालाच ठरवावे लागते. उत्तरसूची नाही आणि रोजचे आखीव वेळापत्रकही नाही. सोमवारी काय, मंगळवारी काय हे कोणीतरी लिहून दिलेले हवे असेल, त्या पालकांची या पुस्तकांनी निराशा होईल. पाचवीचे पुस्तक मजकुराने बरेच भरगच्च आहे, आणि वाचनात अजून चाचपडणाऱ्या मुलाच्या हाती ते एकट्याने देणे योग्य नाही.

बालभारतीची पुस्तके याच कामासाठी वापरता येतील का, असा प्रश्न साहजिक आहे, आणि मराठी माध्यमाच्या पालकांना तीच पहिली आठवतात. ती ई-बालभारतीवर विनामूल्य मिळतात, भाषा आपली आहे आणि छपाई स्वच्छ आहे. मात्र तिसरीचा परिसर अभ्यास जिल्ह्याप्रमाणे वेगळा आहे, चौथी-पाचवीत तो दोन भागांत विभागलेला आहे, आणि त्या दोन्ही इयत्तांचे दुसरे भाग इतिहासाचे आहेत : चौथीत शिवचरित्र, पाचवीत आदिमानवापासूनची मानवाची वाटचाल. त्यामुळे तीन इयत्तांचे धडे एका सूत्रात ओवणे इथे अवघड जाते. तरीही यांतली दोन पुस्तके मी प्रत्येक घराला आग्रहाने सुचवीन. आपल्या जिल्ह्याचे तिसरीचे पुस्तक हवे, कारण आपल्याच नद्या, डोंगर, पिके आणि बाजारगावे त्यात नकाशासह मिळतात. आणि चौथीचे शिवचरित्राचे पुस्तक हवे, कारण ‘आस-पास’मध्ये जी इतिहासाची उणीव आहे ती ते भरून काढते, आणि मोठ्याने वाचल्यावर पाच वर्षांचे मूलही ते कान देऊन ऐकते. एखादा गड प्रत्यक्ष पाहता आला तर उत्तमच.

गणित आणि मराठी वाचन या दोन गोष्टी मात्र तिघांना एकत्र शिकवण्याचा प्रयत्न करू नये. तिथे प्रत्येक मुलाची पायरी वेगळी असते आणि एक पायरी कच्ची राहिली तर पुढची डळमळते. गणितासाठी बालभारतीची पुस्तके प्रत्येकाच्या तयारीप्रमाणे वापरावीत, वयाप्रमाणे नव्हे. सात वर्षांचे मूल बेरजेत दुसरीत आणि आकारांत तिसरीत असू शकते, आणि घरी शिकण्याचा खरा लाभ इथेच आहे. दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असेही संख्यावाचन आले तेव्हा त्यावर मोठा वाद झाला होता. त्रेपन्न आणि पस्तीस लिहिताना अंकांची अदलाबदल करणारे मूल घरात असेल, तर दोन्ही वाचने काही काळ शेजारी ठेवावीत. रूढ नावे त्यामुळे मागे पडत नाहीत. साधन म्हणून दहा-दहा मण्यांचे रंग बदलणारी शंभर मण्यांची माळ पुरेशी आहे, आणि ती तिन्ही मुलांना आपापल्या कामासाठी वापरता येते. वाचनासाठी बालभारतीचेच ‘किशोर’ मासिक आहे, जे १९७१ पासून निघते आणि ज्याचे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. त्यातली एक कविता आणि एक गोष्ट रोज, हा नेम सहज पाळला जातो.

परदेशी पेटीबंद अभ्यासक्रमांबद्दल इथे थोडक्यातच लिहिते, कारण त्यांचे अनेक गुण मान्य करूनही लहान मुलांच्या परिसर अभ्यासासाठी ते इथे अपुरेच पडतात. त्यांतले ऋतू बर्फाचे असतात, मापे इंच-पाउंडांची, नाणी सेंटची आणि पक्षी तिकडचे. भाषेच्या किंवा गणिताच्या एखाद्या संचापुरते ते जरूर घ्यावेत, पण आठ वर्षांच्या मुलाला कावळा-कोकिळेआधी रॉबिन पक्षी शिकवू नये. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी कुटुंबांचे गणित अर्थातच उलटे असेल. त्यांना ‘आस-पास’ मुख्य पुस्तक म्हणून नव्हे, तर मुलांना भारतातले दैनंदिन जीवन दाखवण्यासाठी उपयोगी पडेल.

पुढच्या परीक्षांची काळजी या वयात करण्याचे कारण नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मुक्त मूलभूत शिक्षणात अ, ब आणि क हे स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे मानले जातात, आणि तिच्याच दहावीच्या परीक्षेसाठी किमान वय १४ वर्षे आहे. त्यामुळे विषयांचा क्रम घरच्या सोयीने बदलल्यास मुलाचे कोणतेही दार बंद होत नाही.

खरेदीच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवावी. शाळांमध्ये तिसरीसाठी २०२४ पासून आणि चौथी-पाचवीसाठी २०२५ पासून ‘हमारा अद्भुत संसार’ ही नवी पुस्तके आली आहेत, त्यामुळे दुकानात नुसते ‘एनसीईआरटीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक’ मागितले तर नवे हातात पडेल. जुनी ‘आस-पास’ नावाने मागावी. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास जुन्या पुस्तकांत शोधण्यासारखी आहे, शिवाय शाळेत जाणाऱ्या नातेवाइकांच्या माळ्यावर अनेकदा हीच पुस्तके असतात. तिन्ही एकदम मिळाली नाहीत तर चौथीचे आधी घ्यावे. त्यातला पहिलाच धडा मुले शाळेत कशी जातात यावर आहे : कोणी बांबूच्या पुलावरून, कोणी दरीवरच्या दोराला लावलेल्या पाळण्यातून, कोणी केरळातल्या वल्लम होडीतून, तर कोणी उंटगाडीतून. वाचता न येणारे मूल चित्रांवरून, वाचू लागलेले मूल छोट्या वाक्यांवरून आणि मोठे मूल नकाशावर ती राज्ये शोधत, असे तिघेही या धड्यात पहिल्याच दिवशी एकत्र बसू शकतात. हा धडा करून पाहिल्यावर ही पद्धत आपल्या घराला मानवते की नाही याचा अंदाज येतो, आणि मगच बाकीची दोन पुस्तके शोधावीत.