ब्राह्मी अर्क, नऊ महिने: पाच बाटल्यांनंतर आतली वनस्पतीच बदलली

रोज दोन कॅप्सूल, महिन्याला एक बाटली. आठ संपल्या, नववी चालू होती. माझं वय 63. समोरचा चेहरा ओळखीचा असूनही नाव आठवत नाही, असं वरचेवर व्हायला लागलं तेव्हा सुरुवात केली. आईचं विसरणंही नावांपासूनच सुरू झालं होतं, त्यामुळे मला हे अंगावर काढायचं नव्हतं.

स्मरणशक्तीसाठी घेतला जाणारा गिंको या झाडाच्या पानांचा अर्क घेतला नाही, कारण त्याची मोठी परीक्षा होऊन गेली आहे. अमेरिकेत 75 आणि त्यापुढच्या वयाच्या 3,069 जणांवर सुमारे सहा वर्षं चाचणी चालली. 2008 मध्ये निकाल आला, स्मृतिभ्रंश काही टळला नव्हता. ब्राह्मीच्या चाचण्या लहान आहेत. पण त्याच वर्षीच्या एका चाचणीत 65 च्या पुढच्या 54 जणांपैकी ज्यांना 12 आठवडे रोज 300 मिलिग्रॅम अर्क दिला, त्यांना ऐकलेले शब्द काही वेळाने जास्त आठवले. मला नेमकं तेच हवं होतं.

पहिले पाच महिने पोटाने छळलं. उपाशीपोटी घेतली की मळमळ, दिवसातून तीनदा शौचाला. या अर्काचा हा माहीत असलेला त्रास आहे, म्हणून जेवणानंतर घ्यायला लागलो, तेव्हा थोडा कमी झाला. दर रविवारी 15 शब्दांची यादी वाचायची, अर्ध्या तासाने आठवतील तेवढे वहीत लिहायचे, असा नेम ठेवला. सुरुवातीला सहा-सात, चौथ्या महिन्यात नऊ-दहा. तेव्हा हा अनुभव लिहिला असता तर पूर्ण गुण दिले असते. सहाव्या महिन्यात पोटही शांत झालं. शरीराला सवय झाली, असं मी वहीत आनंदाने लिहून ठेवलं आहे.

मग बहिणीने विचारलं, ‘नक्की कुठली ब्राह्मी?’ तिला फोनवर वाचून दाखवायला भिंग घेऊन बसलो. चालू बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत ‘सेंटेला एशियाटिका’. पाचवी रिकामी बाटली जपून ठेवली होती, तिच्यावर ‘बॅकोपा मोनिएरी’. पुढचं चित्र तेच, नाव तेच, ‘500 मिलिग्रॅम’ तेच. सहाव्या बाटलीपासून मी वेगळीच वनस्पती गिळत होतो!

ब्राह्मी हे नाव दोन्हींना चालतं, हे खरं. पण बॅकोपा म्हणजे ओल्या जागी पसरणारी, बारीक मांसल पानांची नीरब्राह्मी. सेंटेला म्हणजे गोल पानांची मंडूकपर्णी. चरकसंहितेतल्या चार मेध्य, म्हणजे बुद्धी-स्मृती वाढवणाऱ्या रसायनांत मंडूकपर्णीचं नाव आहे, तेव्हा ती कमी प्रतीची आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण दोन्हींतले मुख्य घटक वेगळे, बॅकोपात बॅकोसाइड्स असतात आणि सेंटेलात एशियाटिकोसाइड, आणि मी ज्या चाचणीवर भरवसा ठेवला ती बॅकोपाची होती. धोकेही वेगळे. सेंटेला घेणाऱ्या तीन स्त्रियांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद 2005 मध्ये प्रसिद्ध झाली आहे. असं क्वचितच होतं, पण तीन महिने काय घेतलं हेच मला ठाऊक नव्हतं. डॉक्टरांना दोन्ही बाटल्या दाखवून यकृताची तपासणी करून घेतली. ती ठीक आली.

ग्राहक सेवेला फोन केला. ‘दोन्ही ब्राह्मीच, सर.’ दुसऱ्यांदा केला, तेच उत्तर. तिसऱ्यांदा पुढच्या बाटलीवर सवलत देऊ केली. मी सवलत मागितलीच नव्हती. मला तीन गोष्टी लेखी हव्या होत्या: कुठल्या बॅचपासून बदल झाला, बाटलीच्या पुढच्या बाजूला तो का छापला नाही, आणि 500 मिलिग्रॅममध्ये मुख्य घटक किती टक्के. तिसरी गोष्ट तर जुन्या बाटलीवरही नव्हती. टक्केवारी नसेल तर 500 हा आकडा फक्त कॅप्सूलमध्ये किती पूड भरली तेवढंच सांगतो. पाच महिने पोट बिघडवून घेतलं, पैसे मोजले, आणि हे आधी वाचलं नाही याची मला फार चुटपुट लागली आहे.

वहीबद्दलचं मतही बदललं. सेंटेलाच्या तीन महिन्यांतही आकडा नऊ-दहाच राहिला. याद्या चारच होत्या आणि त्याच फिरवून वापरल्या होत्या, म्हणजे त्या मला पाठच झाल्या असणार. बहिणीने नवी यादी करून दिली तेव्हा सात आले. बॅकोपाने काहीच केलं नाही असं एवढ्यावरून म्हणता येत नाही, पण केलं असंही मी आता छातीठोकपणे सांगणार नाही.

न उघडलेल्या एका बाटलीचे पैसे परत मिळाले, उघडलेल्यांचे नाही. सध्या सगळं बंद आहे. रविवारची वही चालू आहे, दर वेळी नव्या यादीवर. कंपनीला पत्र पाठवलं, त्याला आज 19 दिवस झाले. त्यात दोन्ही लेबलांचे फोटो जोडले आहेत.