डीपी ट्रान्समीटर फ्लो कॉम्प्युटरला जोडताना: 4-20 की मॉडबस?

वडोदऱ्याजवळ नंदेसरीतल्या एका कारखान्यात गॅसच्या चेक मीटरचा (पुरवठादाराचा आकडा पडताळायला आपण लावतो तो) जुना फ्लो कॉम्प्युटर, म्हणजे डीपी, प्रेशर, टेम्परेचरवरून फ्लो काढणारा डबा, काढून नवा बसवतायत. तिथल्या इन्स्ट्रुमेंटवाल्या मित्राने परवा सेव-उसळ खाता खाता विचारलं, ‘ओरिफिसच्या तिन्ही व्हॅल्यू वेगवेगळ्या लूपने आणू, की एकच मल्टिव्हेरिएबल ट्रान्समीटर घेऊन आरएस-485वर?’ ओरिफिस म्हणजे पाइपमधली भोकाची चकती, आणि तिच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक तो डीपी. लूप म्हणजे 4 ते 20 मिलिअँप करंटने एकच आकडा आणणारी तारांची जोडी. मल्टिव्हेरिएबल तिन्ही आकडे एकटाच मोजतो आणि आरएस-485च्या लाइनवर मॉडबस या डिजिटल भाषेत पाठवतो. मकरपुऱ्याला आमच्या साइटवर मी हाच घोळ घालून बसलो होतो. त्याला तोंडी सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहितो. एजीए-3, एजीए-8 (ओरिफिसचा फ्लो आणि गॅसची घनता काढायच्या पद्धती) काय असतं हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो.

आधी 4-20बद्दल चांगलं बोलतो, कारण आमच्या पिढीने तिच्यावरच भाकरी कमावली. लूपमध्ये मल्टिमीटर लावला की 12 मिलिअँप म्हणजे निम्मी रेंज, एवढं कुठल्याही वायरमनला कळतं. वायर तुटली की करंट शून्यावर येतो, 3.6च्या खाली गेला की अलार्म वाजतो. आषाढात वीज कडाडली आणि एखादा चॅनेल उडाला, तरी बाकीचे दोन जिवंत राहतात. 485चं पोर्ट उडालं तर डीपी, प्रेशर, टेम्परेचर तिन्ही एकदम गायब. हे आमच्याकडे एकदा झालंय आणि त्या रात्री मी 4-20ची मनापासून आठवण काढली.

मग माझं मन फिरलं कशाने? रेंज दोन ठिकाणी लिहावी लागते, एवढ्या एका गोष्टीने.

आमचा डीपी ट्रान्समीटर बिघडला तेव्हा मी रजेवर होतो. स्टोअरमधला स्पेअर बसवला गेला. जुन्याची रेंज 0 ते 2500 एमएमडब्ल्यूसी (पाण्याच्या मिलिमीटरमध्ये मोजलेला दाब) होती, नव्याची 0 ते 5000. फ्लो कॉम्प्युटरच्या एआय-1मध्ये (पहिल्या करंट इनपुटमध्ये) हाय स्केल, म्हणजे 20 मिलिअँपला दाखवायचा आकडा, 2500च राहिलं. आता गंमत बघा. कॅलिब्रेशनच्या पोराने ट्रान्समीटरला हँडपंपाने 5000 दिलं, 20 मिलिअँप आले, पास. मग कॉम्प्युटरला कॅलिब्रेटरने 20 मिलिअँप दिले, स्क्रीनवर 2500 आले, तेही पास. दोन्ही सर्टिफिकेटं शिक्क्यासकट फाइलला लागली. ‘साहेब, बधुं बराबर छे,’ असा मला फोनही आला. दोन्ही अर्धी बरोबरच होती, चुकला होता तो मधला सांधा, आणि तो तपासायचं कोणाच्या चेकलिस्टमध्येच नव्हतं.

खरा डीपी 2000 असला की कॉम्प्युटरला 1000 दिसायचा. फ्लो डीपीच्या वर्गमुळाने चालतो, म्हणून आकडा निम्मा झाला नाही, 0.707 पट झाला. निम्मा झाला असता तर शिफ्ट इन्चार्जने पहिल्याच तासाला बोंब मारली असती. 29 टक्के कमी म्हणजे ‘बॉयलर आज कमी चालला असेल’ इतपतच वाटतं. अकरा दिवस तसंच चाललं. पंधरवड्याचं बिल आलं तेव्हा आमच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि आम्ही गॅस पुरवणाऱ्यांना कडक पत्र लिहायला बसलो! पत्राला जोडायला कॉन्फिगरेशनची प्रिंट काढली तेव्हा 2500वर माझी नजर अडकली. पत्र फाडलं ते मीच.

मॉडबसवर ट्रान्समीटर थेट आकडा पाठवतो, मिलिअँप नाही. त्याची 20 मिलिअँपची रेंज कोणी बदलली तरी 2000 म्हणजे 2000च येतो. युनिट चुकलं, मिलिबारच्या जागी एमएमडब्ल्यूसी गेलं, तर डीपी दहापट होतो आणि फ्लो तीनपटीहून जास्त फुगतो. तो कोणाच्याही डोळ्यात भरतो.

म्हणजे मॉडबस साधा आहे असं नव्हे. पहिले दोन दिवस डोकं खातो. एका मेकचा ए तो दुसऱ्या मेकचा बी असतो, तेव्हा काहीच आलं नाही तर आधी दोन वायरी उलटून बघा. 120 ओहमचा रेझिस्टर लाइनच्या दोन टोकांनाच लावायचा, प्रत्येक डब्यात नाही. रजिस्टरचा (आकडा ठेवलेल्या कप्प्याचा) नंबर एकाने मागे-पुढे असतो. आणि फ्लोटमधले (दशांश संख्येचे) दोन वर्ड, म्हणजे दोन तुकडे, उलटे आले तर सिम्युलेटरवरून 25.0 अंश दिले की स्क्रीनवर 0.00 दिसतं, 4.2 बार दिलं की चोवीस आकडी संख्या. पण बघा, यातली प्रत्येक चूक कमिशनिंगलाच, मीटर चालू करतानाच, ओरडून सांगते. तिला अकरा दिवस दडून बसता येत नाही.

दडून बसणाऱ्या दोन चुका मात्र इथेही आहेत, त्या सांगितल्या नाहीत तर मी पक्षपाती ठरेन. ट्रान्समीटर अ‍ॅब्सोल्यूट प्रेशर पाठवतोय आणि कॉम्प्युटर त्याला गेज (हवेचा दाब वगळलेला) समजून वर पुन्हा 1.013 बार मिळवतोय, असं झालं तर 4 बार गेजच्या लाइनवर फ्लो नऊ-दहा टक्के जास्त दिसतो. दुसरी, लिंक तुटल्यावर शेवटची व्हॅल्यू धरून ठेवायचं सेटिंग. ते अलार्मशिवाय ठेवलं तर वायर उंदराने कुरतडली तरी मीटर मजेत चालत राहतो. या दोन सेटिंगची पानं पहिल्या दोन दिवसांतच उघडून बघा.

हार्टचा (4-20च्याच तारांवरून जाणाऱ्या डिजिटल सिग्नलचा) मधला मार्ग काही जण सुचवतात. एका जोडीवर तीन ट्रान्समीटर, मल्टिड्रॉप. वेग 1200 बॉडचा, त्यात तिघांना आळीपाळीने विचारत बसलं की डीपी दर सेकंदाला ताजा मिळत नाही आणि ओरिफिसला तो हवाच असतो. 4-20च ठेवायची असेल तर तिच्यावरच हार्टने ट्रान्समीटरची रेंज वाचून स्वतःच्या स्केलशी ताडून बघणारा कॉम्प्युटर मिळाला तर जरूर घ्या, माझं अर्धं गाऱ्हाणं तिथेच मिटतं. टर्बाइन मीटर (फिरत्या पात्यांचा) असेल तर हा वादच नाही, पल्स थेट पल्स इनपुटलाच द्या.

आउटपुटबद्दल थोडक्यात. अ‍ॅनालॉग आउटपुट डीसीएसच्या (प्लांटच्या कंट्रोल सिस्टिमच्या) ट्रेंडपुरता ठेवा, त्यावरून टोटल काढू नका. पल्स आउटपुटचा हिशेब मात्र कागदावर करा. आमच्याकडे एका घनमीटरला एक पल्स होता, 500 मिलिसेकंद चालू आणि तेवढाच बंद, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त एक. फ्लो ताशी 4000 झाला की सेकंदाला 1.11 पल्स हवेत. उरलेले रांगेत साचायचे. प्लांट बंद, व्हॉल्व्ह बंद, आणि काउंटर टिक टिक करतोय. ऑपरेटरने भूत समजून नारळ फोडायचा बाकी ठेवला होता. दहा घनमीटरला एक पल्स केला आणि भूत गेलं. स्काडासाठी (लांबून देखरेख करणाऱ्या सिस्टिमसाठी) वेगळं पोर्ट द्या, फक्त वाचण्यापुरतं. ट्रान्समीटरच्या लाइनवर तिसऱ्याला बसवू नका.

तुमचे तिन्ही ट्रान्समीटर नवे-चांगले असतील आणि साइटवर मॉडबस उकलणारा कोणी नसेल, तर 4-20च ठेवा, मी हट्ट धरणार नाही. फक्त पंपाने डीपी द्या आणि आकडा कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर वाचा, मधले मिलिअँप मोजून समाधान मानू नका. पण ट्रान्समीटर विकत घ्यायचेच असतील, तर मी मल्टिव्हेरिएबल घेईन, 485ला चांगला सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका अडवणारा) लावीन आणि रजिस्टरची यादी लॅमिनेट करून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवीन. नंदेसरीच्या मित्राने सर्ज प्रोटेक्टरचं कोटेशन मागवलंय, ट्रान्समीटरचं अजून नाही.