शेवाळातलं एन्झाइम-रोधक: फ्लोरोटॅनिन, ब्रोमोफिनॉल की फ्युकॉयडन?

एन्झाइमचं काम रोखणारे पदार्थ शोधायच्या प्रोजेक्टसाठी समुद्री शेवाळ घ्यायचं ठरतं, पण त्यातलं नेमकं काय तपासायचं, इथे गाडी अडते.

हाताशी सहा महिने आणि एक प्लेट रीडर (अनेक नमुन्यांचा रंग एकदम मोजणारं यंत्र) एवढंच असेल, तर फ्लोरोटॅनिन, म्हणजे तपकिरी शेवाळातली टॅनिन, घ्या. शेवाळ वाळवून दळा, पाणी मिसळलेल्या इथेनॉलमध्ये भिजवा, गाळा, अर्क तयार. एक्लोनिया कावा या शेवाळातलं डायेकॉल यातलं सर्वांत गाजलेलं. अल्फा-ग्लुकोसिडेज, टायरोसिनेज, हायल्युरोनिडेज... ज्या एन्झाइमवर टाकाल ते मंदावतं, आणि माझा संशय तिथेच सुरू होतो. टॅनिनच ते, प्रथिन दिसलं की चिकटणार. म्हणून ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० हा डिटर्जंट घालून तीच चाचणी पुन्हा लावा. परिणाम गायब झाला, तर बहुधा रेणूंचे पुंजके एन्झाइमला गुरफटून टाकत होते. दुसरी गोम रंगाची. अर्क उघडा राहिला की काळवंडतो, आणि ४०५ नॅनोमीटरवर चाचणीत सुटणाऱ्या नायट्रोफिनॉलचा पिवळा रंग मोजताना त्याचा रंगही आकड्यात शिरतो. प्रत्येक मात्रेला एन्झाइमविना ब्लँक, म्हणजे वजा करायचा नमुना, हवाच.

‘अकार्बोजपेक्षा कैक पटींनी प्रभावी’ हे वाक्य वाचलं की आधी एन्झाइम कुठलं ते बघा. अकार्बोज म्हणजे अल्फा-ग्लुकोसिडेज रोखणारं मधुमेहावरचं औषध, तुलना त्याच्याशीच होते. यीस्टच्या अल्फा-ग्लुकोसिडेजवर अकार्बोज मुळातच दुबळं आहे. उंदराच्या आतड्यातल्या एन्झाइमवर ते खरा जोर दाखवतं. परवडत असेल तर तेच वापरा.

ब्रोमोफिनॉल मुख्यतः लाल शेवाळातली. पीटीपी१बी या मधुमेहाशी जोडलेल्या एन्झाइमवर त्यांचं बरंच काम झालंय. रेणू लहान, रचना पक्की, त्यामुळे डॉकिंगला (रेणू एन्झाइममध्ये कसा बसतो याचा संगणकावरचा अंदाज) अर्थ असतो आणि कमी पडलं तर प्रयोगशाळेत बनवताही येतं. मात्र शेवाळातून हाती येतात ते बहुतेकदा मिलिग्रॅमच. कॉलम चालवून पदार्थ वेगळे करायचा सराव आणि रेणूची रचना ओळखणाऱ्या एनएमआरची सोय नसेल तर या वाटेला जाऊ नका.

फ्युकॉयडन १९१३ मध्ये किलिन यांनी वेगळं केलं. ही सल्फेटयुक्त बहुशर्करा. प्रजाती, ऋतू, काढायची पद्धत यांतलं काहीही बदललं की पदार्थच बदलतो. रेणूभार ठरलेला नाही, मग मायक्रोमोलरमधला आयसी५० (एन्झाइमचं काम निम्म्यावर आणणारी मात्रा) कसला? रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिन या एन्झाइमला ते रोखतं, पण मुख्यतः हेपरिन कोफॅक्टर २ या रक्तातल्या प्रथिनाच्या मदतीने. ते प्रथिन न घालता चाचणी लावलीत, तर चांगला नमुनाही निकामी ठरवून बसाल.