गिळताना दाखवतात, ओकताना नाही

साप विकणारा मोबाइलवर जो व्हिडिओ पाठवतो तो जेमतेम मिनिटभराचा असतो. बॉल पायथनचं (आफ्रिकेतल्या छोट्या, बिनविषारी अजगराचं) पिल्लू, चिमट्यात धरलेला उंदीर, झेप, विळखा, आणि शेवटी तोंडात नाहीशी होणारी शेपटी. खाली एक ओळ: ‘फीडिंग रेग्युलर, एकदम हेल्दी.’ पहिलाच साप घेणारा माणूस म्हापशाचा असो की मडगावचा, या व्हिडिओवर आगाऊ रक्कम पाठवून मोकळा होतो. व्हिडिओ खोटा नसतो, पिल्लाने उंदीर खरंच गिळलेला असतो. तो पोटात राहिला का, हे मात्र कुणी विचारत नाही आणि विकणारा आपणहून सांगत नाही.

गिळलेलं भक्ष्य वारंवार ओकणारे साप बाजारात येतात ते असे. पाळणाऱ्यांच्या बोलीत त्याला ‘रिगर्ज’ म्हणतात. ज्याच्याकडे असा साप आहे त्याला तो लवकर खपवायचा असतो, कारण प्रत्येक ओकारीनिशी वजन घटतं आणि तीन-चार वेळा असं झालं की पिल्लू मरतं.

या व्यवहारात वेळेचं गणित नेमकं बसवलेलं असतं. खोका पुण्याहून, मुंबईहून किंवा बेंगळुरूहून रात्रीच्या खासगी बसने येतो. हमी असते ती साप जिवंत पोचण्याची, २४ किंवा ४८ तासांची. सोबत सल्ला येतो: ‘सात दिवस हात लावू नका, खायला घालू नका, सेट होऊ द्या.’ सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. प्रवासाने दमलेल्या सापाला लगेच खायला घातलं तर निरोगी सापही ओकतो. पण त्याच सल्ल्याने हमी निघून जाते. आठव्या दिवशी पहिला उंदीर दिला जातो, साप तो आवडीने घेतो, घरात आनंद. दहाव्या-अकराव्या दिवशी सकाळी सापाचा टब उघडला की वास येतो.

हा वास एकदा घेतला की विसरता येत नाही. कुजलेलं मांस आणि आंबटपणा एकत्र. कागदावर उंदीर लांबट होऊन पडलेला असतो, केस ओले नि चपटे बसलेले, वरून चिकट बुळबुळीत थर. साप डोक्याकडून गिळतो, म्हणून डोकं आधी विरघळतं: पुढचा भाग करडा लगदा आणि मागचे पाय, शेपटी जशीच्या तशी. नवखे लोक कधी कधी विष्ठेलाच ओकारी समजून घाबरतात. विष्ठेत पांढरा खडूसारखा युरेटचा (म्हणजे सापाच्या घट्ट लघवीचा) गोळा असतो आणि उंदराचा आकार ओळखू येत नाही. फोटो काढून ठेवा, टब धुवायच्या आधी.

मग विकणाऱ्याला फोन होतो, आणि तिकडून उत्तर तयार असतं: ‘तुमच्याकडे टेंपरेचर कमी असणार’, ‘तुम्ही हातात घेतला असणार’, ‘उंदीर मोठा दिला असणार’. फसवणूक टिकते ती इथे, कारण ही तिन्ही कारणं खरीखुरी आहेत. सापाला पचनासाठी बाहेरून ऊब लागते. गोव्यात जून ते सप्टेंबर हवा २४-२५ अंशांवर उतरली आणि वीज तासन्‌तास गेली की पोटातला उंदीर पचण्याआधी कुजायला लागतो, आणि साप तो बाहेर टाकतो. घेणाऱ्याकडे तापमानाची नोंद नसते, त्यामुळे तो स्वतःच शंकेत पडतो आणि गप्प बसतो.

म्हणून साप यायच्या आधी आठवडाभर टब चालू ठेवा आणि त्याचे आकडे लिहून ठेवा. बॉल पायथनला उबेच्या टोकाला ३१ ते ३३ अंश आणि थंड टोकाला २५ ते २७. कॉर्न स्नेक या दुसऱ्या पाळीव सापाला उबेचं टोक २९ ते ३१ पुरतं. हीट मॅट (ऊब देणारी विजेची चटई) थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान आवरणाऱ्या यंत्राशिवाय, लावू नका, नाहीतर साप पोटाखाली भाजतो. थर्मोस्टॅटची तार मॅटच्या वरच्या पृष्ठभागावर, जिथे साप खरोखर बसतो तिथे हवी. सेटबरोबर फुकट मिळणारा काचेला चिकटवायचा गोल काट्याचा थर्मामीटर टाकून द्या, तो काचेचं आणि खोलीच्या हवेचं तापमान सांगतो. तारेचा डिजिटल थर्मामीटर घ्या. रोज सकाळ-संध्याकाळ आकड्यांचा फोटो काढला की ‘टेंपरेचर कमी होतं’ हे उत्तर पुढे चालत नाही. दिवसभर लाइट जाणार असल्याची सूचना असेल तर त्याआधीचे दोन दिवस खायला घालू नका.

पावसाळ्यातलं दुसरं कारण फ्रीजरमध्ये असतं. वीज गेली, गोठवलेले उंदीर सुटले, वीज आली, पुन्हा गोठले. वरून काही कळत नाही, पण पोट सडायला लागलेलं असतं आणि असा उंदीर सापाच्या पोटात फुगतो. उंदीर एकदा सुटला की पुन्हा गोठवायचा नाही. चवथीला चार दिवस गावी गेलेल्यांनी परतल्यावर फ्रीजरमधल्या उंदरांवर आंधळा विश्वास ठेवू नये. जाताना एका वाटीत पाणी गोठवून त्यावर नाणं ठेवलं तर परतल्यावर समजतं: नाणं बर्फात बुडालेलं दिसलं तर मधे सगळं वितळलं होतं. सोडवताना पिशवीत बंद करून रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, मग खायला द्यायच्या आधी काही मिनिटं कोमट पाण्यात. मायक्रोवेव्ह नको. बोटाने पोट दाबून बघा, आत गार गाठ लागली तर अजून वेळ द्या.

आता ओकारीच्या वेळेवरून थोडं कळतं. गिळल्यावर एका दिवसात उंदीर जवळपास अख्खा बाहेर आला तर बहुधा भक्ष्य मोठं होतं किंवा सापाला हाताळलं होतं. खाल्ल्यावर किमान ४८ तास साप हातात घ्यायचा नाही. भक्ष्याची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाएवढी, त्याहून जास्त नको. दोन ते पाच दिवसांनी अर्धवट पचलेलं बाहेर आलं तर आधी तापमान बघायचं. आणि तापमान, आकार, हाताळणी सगळं ठीक असताना पुन्हा पुन्हा तसंच होत असेल, तर तो साप आजारी आहे आणि बहुतेक वेळा तो आजारीच विकलेला असतो.

आजारांत सर्वांत वाईट क्रिप्टोस्पोरिडियम, थोडक्यात क्रिप्टो, या सूक्ष्म परजीवीचा. सापांमधली क्रिप्टोस्पोरिडियम सर्पेंटिस ही जात जठराच्या भिंतीत राहते, भिंत जाड होत जाते, आतली जागा कमी होते. मग साप खातो आणि ओकतो, शरीराच्या मधल्या भागात कायमचा फुगवटा दिसतो, बाकीचा साप वाळत जातो. खात्रीचा इलाज नाही. याशिवाय अमीबा, इतर परजीवी, आणि बोआ-पायथनमध्ये इन्क्लुजन बॉडी डिसीज हा विषाणूजन्य आजार. त्यात ओकारीबरोबर मान वळवून वर बघत राहणं, उलटं केल्यावर सरळ न होता येणं अशी लक्षणं दिसू शकतात.

विकणारा मात्र या टप्प्यावर दुसरी विक्री करतो. ‘प्रोबायोटिक पावडर पाठवतो’, ‘जंताचं औषध आहे माझ्याकडे, दोन थेंब द्या’. बिनलेबलच्या बाटलीत बऱ्याचदा मेट्रोनिडाझोल हे जंतुनाशक औषध असतं. वजनाप्रमाणे न मोजता दिलं तर ते सापाच्या मज्जासंस्थेवर उलटतं, आणि क्रिप्टोवर त्याचा उपयोग शून्य. औषधाचे पैसे वेगळे, आणि पुढे साप मेला की ‘डोस चुकला असणार’. आणखी एक ठरलेलं वाक्य: ‘बॉल पायथन दोन-दोन महिने खात नाही, नॉर्मल आहे.’ ते उपाशी राहतात हे खरं. पण न खाणं वेगळं आणि खाऊन ओकणं वेगळं, या दोघांची सरमिसळ मुद्दाम केली जाते.

पहिल्या ओकारीनंतर लगेच दुसरा उंदीर देणं ही घेणाऱ्याची सर्वांत महागात पडणारी चूक. उंदरासोबत जठरातलं आम्ल आणि पाणी गेलेलं असतं, अन्ननलिका भाजल्यासारखी झालेली असते. कमीत कमी १० ते १४ दिवस काही नाही. ताजं पाणी, ऊब, अंधारी लपायची जागा, आणि हाताळणी बंद. नंतर नेहमीच्या निम्म्या किंवा एक तृतीयांश आकाराचं भक्ष्य. ते राहिलं तर पुन्हा दहा-बारा दिवसांनी तेवढंच. असे तीन घास पचून विष्ठा झाली की हळूहळू आकार वाढवायचा. दुसऱ्यांदा ओकला तर घरचे प्रयोग थांबवा आणि पशुवैद्याकडे जा.

जाताना ओकलेला उंदीर फेकू नका. त्यावरचा बुळबुळीत थर हाच उत्तम नमुना, क्रिप्टोच्या पुटिका (परजीवीची अंड्यासारखी अवस्था) त्यात सापडण्याची शक्यता जास्त. स्वच्छ डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नको, आणि शक्य तितक्या लवकर पोचवा. (घरच्या फ्रीजमध्ये मासळीच्या शेजारी ठेवू नका, हे वेगळं सांगायला नको.) गोव्यातले बहुतेक पशुवैद्य कुत्री, मांजरं, गुरं बघतात, पण क्रिप्टोसाठी वापरायचा ॲसिड-फास्ट रंग म्हणजे क्षयाच्या जंतूंसाठी वापरतात तोच. डॉक्टरांना नेमकी चाचणी सांगितली तर त्यांना प्रयोगशाळेकडून करून घेता येते. एकदा निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असं नाही, पुटिका रोज बाहेर पडत नाहीत. पॉझिटिव्ह आली तरी एक खाच आहे: उंदरांचा स्वतःचा क्रिप्टो सापाच्या पोटातून नुसता पुढे जाताना सापडू शकतो. जात ओळखण्यासाठी पीसीआर लागतो. तोपर्यंत या सापाचा चिमटा, पाण्याची वाटी दुसऱ्या सापाकडे जाऊ द्यायची नाही. ब्लीचने किंवा फिनेलने क्रिप्टो मरत नाही.

एवढं सगळं कळूनही तक्रार होत नाही, याचं कारण कागद. बॉल पायथन सायटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ मध्ये २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि सायटिसमधले प्राणी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले. २०२४ च्या नियमांप्रमाणे असा प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश २.० पोर्टलवर नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो. विकणारा सांगतो, ‘एक्झॉटिक आहे, काही लागत नाही’, किंवा तिसऱ्याच कुणाच्या नावाच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स देतो. साप ओकायला लागल्यावर तोच माणूस म्हणतो, ‘करा तक्रार, साप तर तुमच्या घरात आहे.’ म्हणून पैसे देण्याआधी विकणाऱ्याच्या स्वतःच्या नावची नोंदणी बघा, त्यावरची जात आणि संख्या जुळवा, आणि पावतीवर सापाची जात, वजन, तारीख लिहून घ्या. नुसती पैसे पोचल्याची नोंद म्हणजे पावती नव्हे.

याहून वाईट प्रकार म्हणजे आपल्याकडच्या अजगराचं पिल्लू ‘बॉल’ म्हणून खपवणं. जंगलातून पकडलेलं ते पिल्लू धास्तीनेच ओकतं. अजगराच्या डोक्यावर भाल्याच्या पात्यासारखी खूण असते आणि अंगावर चौकोनी-वेडेवाकडे तपकिरी डाग. बॉल पायथन आखूड, जाडजूड आणि गडद, बाजूंना फिकट गोलसर ठिपके. अजगर पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्या गुन्ह्याला ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. मांडूळही संरक्षित आहे, त्याच्या नादी लागूच नका.

घेण्यापूर्वी विकणाऱ्याकडे व्हिडिओ नको, वही मागा. लागोपाठच्या पाच-सहा खाण्यांच्या तारखा, भक्ष्याचं वजन, प्रत्येकानंतर विष्ठा कधी झाली, आणि दर आठवड्याचं सापाचं वजन. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. आठवड्याला वीस ग्रॅमचा उंदीर खाणारं पिल्लू दोन महिन्यांत एक ग्रॅमही वाढलं नसेल, तर ते आठ उंदीर कुठे गेले? व्हिडिओत भक्ष्य किती मोठं आहे तेही बघा. ओकणारा साप बारीक पिंकी (नुकतंच जन्मलेलं, केस न आलेलं उंदराचं पिल्लू) पचवू शकतो, म्हणून दीड-दोन फुटांच्या सापाला पिंकी खाताना दाखवलं असेल तर त्याचं कारण विचारा. प्रत्यक्ष बघताना कणा धारदार वर आलाय का, बाजूची कातडी सैल पडलीय का, मधल्या भागात घट्ट फुगवटा लागतो का हे हात फिरवून तपासा. पाण्याच्या वाटीत काळे ठिपके तरंगत असतील तर ते माइट्स, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे, असू शकतात. टब नुकताच धुतलेला, फिनेलचा वास मारणारा असेल तर दुसऱ्या दिवशी न सांगता पुन्हा जा.

आगाऊ रक्कम घेऊन साप पाठवलाच नाही तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. आजारी साप दिल्याची तक्रार पावती असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. वैतागून साप सत्तरीच्या नाहीतर काणकोणच्या रानात सोडून येणं हा गुन्हा तर आहेच, शिवाय तिथल्या सापांना परका आजार देणं आहे. सांभाळणं जमत नसेल तर वन खात्याशी बोला.

कधी कधी विकणारा उदार होतो: ‘परत पाठवा, थोडे वर पैसे द्या, दुसरा देतो.’ पाठवण्याआधी सापाच्या डोक्याचे आणि दोन्ही बाजूंच्या ठिपक्यांचे जवळून फोटो काढून ठेवा. बॉल पायथनची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते आणि वयाबरोबर बदलत नाही. महिन्या-दीड महिन्याने दुसऱ्या नावाने आलेल्या जाहिरातीशी ते फोटो जुळवून बघा. साप तोच निघण्याची शक्यता बरीच असते, आणि तिथेही तो उंदीर गिळतानाच दिसतो.