‘वाड्याचं सागवान’ म्हणून गळ्यात मारलेला माल

पेठेतला एखादा वाडा पाडायला घेतला की त्याच्या तुळया, खांब, चौकटी विकायला निघतात आणि लेथवर वाट्या, दिवे, लाटणी कातणारे आपण सगळे त्या मालामागे धावतो. आम्हाला लुबाडलं ते याच घाईत. विकणाऱ्याचं नाव देत नाही, पण त्याची पद्धत नीट समजून घ्या.

दाखवलेला नग अस्सल होता. एक बाजू रंधलेली, सोनेरी-तपकिरी रंग, चामड्यासारखा वास, दाट वलयं. इसार त्यावर दिला गेला आणि टेम्पोत चढला दुसराच माल. प्रत्येक नगाला जळकं ऑइल चोपडलेलं, दोन्ही टोकांना गेरू. ऑइलने जुनेपणाचा काळपटपणा आयता येतो. गेरूचं काम त्याहून वाईट, कारण लाकडाची खरी ओळख टोकाच्या छेदातच पटते आणि नेमका तोच झाकला जातो. टोकाचा इंचभर तुकडा उडवल्यावर आत रुंद वलयं आणि कडेने दीड इंच पांढरट कच्चा भाग निघाला. म्हणजे सागवानच, पण लागवडीचं, कोवळं आणि नीट न वाळलेलं. अशा लाकडाची वाटी पावसाळ्यात गोल कातली तर उन्हाळ्यात लंबगोल होते, कधी तडकतेही. पांढऱ्या भागाला किडा लागतो तो वेगळाच.

काही नग खरोखर वाड्याचे होते, त्यांच्यात खिळे निघाले. खिळे उपटण्याऐवजी डोकी ग्राइंडरने उडवून वर भुसा आणि फेव्हिकॉलची लांबी (पुटी) भरलेली. लेथवर फिरणाऱ्या नगात असा खिळा पटाशीखाली आला की धार तर जातेच, पण पटाशी हातातून उसळते, आणि खरा धोका तो आहे. चुंबक वरवरचाच खिळा पकडतो, पितळेचा तर पकडतच नाही. म्हणून हातात धरायचा मेटल डिटेक्टर चारही बाजूंनी फिरवा. छेदात निळसर-काळा डाग दिसला तर आसपास लोखंड आहे असंच धरून चाला.

मापातली चलाखी पटकन लक्षात येत नाही. घनफूट काढताना फुटातली लांबी गुणिले इंचातली रुंदी गुणिले इंचातली जाडी, भागिले १४४. ७ फूट लांब, ५ बाय ४ इंचांचा नग ०.९७ घनफूट भरतो. चारही बाजूंचा अर्धा-अर्धा इंच कुजका, भेगाळलेला भाग काढला की उरतो ४ बाय ३, म्हणजे ०.५८ घनफूट. पैसे मात्र पूर्ण मापाचे. शिवाय सांध्यांच्या खाचा धरून माप लावलेलं असतं. कातकामाला सलग, बिनखिळ्याचा किती तुकडा मिळतो तेवढंच कामाचं, म्हणून भाव त्यावरच करा.

वजनानेही बरंच कळतं. वाळलेलं सागवान घनफुटाला साधारण १८-१९ किलो भरतं. २५ च्या पुढे काटा गेला तर नग ओला आहे किंवा लाकूड दुसरंच आहे. १४-१५ च्या खाली आला तर आतून वाळवीने खाल्लेला असू शकतो. ओलावा मीटरने मोजायचा तो ताज्या छेदावर, वरच्या पृष्ठभागावर नाही. १२ टक्क्यांच्या आसपास आला तर ठीक.

इसार देण्याआधी निवडलेल्या प्रत्येक नगाची दोन्ही टोकं इंचभर कापून घ्या आणि छेदावर स्वतःची खूण करून फोटो काढा. गाडीत चढताना तीच खूण तपासा. कापायला नकार मिळाला तर तो सौदा सोडा, कितीही स्वस्त असला तरी.

रेल्वेचे जुने स्लीपर ‘पक्कं लाकूड’ म्हणून दाखवले तर घेऊच नका. त्यात बहुधा क्रिओसोट हे विषारी डांबरी तेल मुरलेलं असतं, त्याचा भुसा घातक आणि त्याची वाटी खाण्यापिण्याला निरुपयोगी. भोसरी-चाकणकडच्या कारखान्यांतून येणाऱ्या पॅलेटवर (माल ठेवायच्या लाकडी चौकटींवर) ‘एमबी’, म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूने प्रक्रिया केल्याचा, शिक्का असेल तर तेही नकोत. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं. शिक्क्याची फळीच काढून टाकलेली असेल तर संशय घ्या.

बिल पक्कं मागा आणि त्यावर लाकडाची जात, नगसंख्या, मापं लिहून घ्या. नुसत्या कच्च्या चिठ्ठीवर पुढे दाद मागणं अवघड जातं. बिल असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते, आणि पोटापाण्यासाठी स्वतः कातकाम करणाऱ्यालाही तिथे ग्राहक म्हणून जाता येतं.